कायटोसान-ग्लिसरोफॉस्फेट जेल: बर्फावरच गुठळ्या, ३७ अंशांना मात्र पातळच

पांढरा_साका

सुईतून टोचता येईल आणि शरीराच्या तापमानाला आपोआप गोठेल असं कायटोसानचं (कोळंबी-खेकड्याच्या टरफलांतून येणाऱ्या लांब साखळीच्या पदार्थाचं) जेल बनवतोय, कूर्चेच्या (कार्टिलेजच्या) पेशींसाठी. कृती नेहमीचीच आहे:

कायटोसान २०० मिग्रॅ, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ९ मिलि, रात्रभर ढवळून. बीटा-ग्लिसरोफॉस्फेटचं डायसोडियम मीठ ५६० मिग्रॅ, १ मिलि पाण्यात. दोन्ही बर्फावर गार करून दुसरं पहिल्यात थेंबथेंब.

जुन्या बाटलीतलं कायटोसान (लेबलवर डीअ‍ॅसिटिलेशन ८० टक्के, म्हणजे साखळीच्या शंभरातल्या ८० कड्यांवरचा अ‍ॅसिटिल गट काढलेला) ३७° ला ८-१० मिनिटांत छान बसतं (गोठतं). नव्या बाटलीवर ९५ टक्के लिहिलंय. तिच्यात थेंब पडतो तिथेच पांढरे धागे धरतात, फुटलेल्या कढीसारखं दिसतं. गाळून घेतलं तर खालचं द्रावण ३७° ला तासभर ठेवूनही पातळच. वजन तेच, आम्ल तेच, बर्फही तोच.

जुन्या बाटलीच्या जेलबद्दलही दोन शंका आहेत:
१) गोठतं छान, पण आतल्या कूर्चापेशी दुसऱ्या दिवशी बहुतेक मेलेल्या दिसतात.
२) पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफर असलेल्या मिठाच्या पाण्यात) ठेवल्यावर पहिल्याच दिवशी सुक्या वजनात साठ टक्क्यांच्या आसपास घट. इतकं जलद विघटन कसं?

---

मोलमजूर

वजन तेच ठेवलंत हीच चूक. हे जेल ग्रॅमवर चालत नाही, अमाइन गटांच्या (प्रोटॉन धरू शकणाऱ्या नायट्रोजन गटांच्या) मोलवर चालतं. हिशोब मांडू.

कायटोसानच्या साखळीतल्या एका कडीचा रेणुभार, अ‍ॅसिटिल नसेल तर १६१, असेल तर २०३. ८० टक्के डीअ‍ॅसिटिलेशनला सरासरी कडी १६९.४. म्हणजे २०० मिग्रॅमध्ये १.१८ मिलिमोल कड्या, त्यांतल्या ८० टक्क्यांवर मोकळं अमाइन: ०.९४ मिलिमोल. तुमचं आम्ल ९ × ०.१ = ०.९ मिलिमोल. दर शंभर अमाइनांपैकी ९५ वर प्रोटॉन बसलाय. साखळ्या धन प्रभाराने एकमेकींपासून लांब, द्रावण निवांत.

आता ९५ टक्केवालं. सरासरी कडी १६३.१, कड्या १.२३ मिलिमोल, मोकळं अमाइन १.१६५ मिलिमोल. आम्ल तेच ०.९. शंभरातली फक्त ७७ भारित. द्रावण दिसतं स्वच्छ, पण काठावर बसलेलं असतं. त्यात पीएच ९ च्या वरचा ग्लिसरोफॉस्फेटचा थेंब पडला की त्या जागी प्रभार संपतो आणि साखळ्या एकमेकींना चिकटतात. एकदा चिकटल्या की ढवळून सुटत नाहीत. शिवाय अ‍ॅसिटिल गट मध्ये मध्ये असले की साखळ्यांना नीट रांग धरता येत नाही. ९५ टक्क्यांत ती अडचणही उरत नाही.

गाळल्यावर का बसत नाही, तेही यातच आलं. बहुतेक कायटोसान गाळणीवर राहिलं. खाली जे आहे ते खारं पाणी.

उपाय: ९५ टक्केवाल्यालाही ९५ टक्के प्रोटॉन द्या. १.१६५ × ०.९५ = १.११ मिलिमोल. १ मोलर साठ्यातून १.११ मिलि आम्ल घ्या, पाण्याने एकूण ९ मिलि करा.

एक सापळा सांगून ठेवतो. अंतिम मिश्रणाचा पीएच मोजून दोन बाटल्यांची तुलना करायला जाल तर जेमतेम ०.१ चा फरक दिसेल, कारण ग्लिसरोफॉस्फेट बफर आहे आणि दोघांनाही ६.८ च्या आसपास आणून बसवतो. मीटर म्हणेल सगळं ठीक आहे. फरक बघायचा तर ग्लिसरोफॉस्फेट घालण्याआधीच्या नुसत्या कायटोसानचा पीएच बघा.

---

ताकमेढी

मोलमजूर यांना +१. त्यात दोन भर.

एक, कायटोसान हवेतला ओलावा धरतं. ८-१० टक्के पाणी असणं नेहमीचं. ९ टक्के धरलं तर तुमचे २०० मिग्रॅ म्हणजे खरे १८२, आणि वरचे ७७ टक्के एकदम ८५ होतात. अर्धा ग्रॅम १०५° ला स्थिर वजनापर्यंत सुकवून तेवढा आकडा काढून ठेवा. जे सुकवलं ते वापरू नका, ते फक्त मापासाठी. आणि लेबलवरचा डीअ‍ॅसिटिलेशनचा आकडा बऱ्याचदा पल्ल्यात असतो ("७५-८५"). एनएमआर (रेणूची रचना दाखवणारं यंत्र) मिळत असेल तर नमुना ड्युटेरियम क्लोराइड आम्लात ७०° ला चालवा, नाहीतर आम्ल-अल्कली टायट्रेशनने पीएच आणि वाहकता दोन्ही नोंदवा.

दोन, ग्लिसरोफॉस्फेटची बाटली नीट वाचा. निर्जलाचा रेणुभार २१६, पाच पाण्यांच्या हायड्रेटचा ३०६. ५६० मिग्रॅ म्हणजे निर्जल असेल तर २.६ मिलिमोल, हायड्रेट असेल तर १.८३. चाळीस टक्क्यांचा फरक! दोन शोधनिबंधांत "५.६ टक्के ग्लिसरोफॉस्फेट" लिहिलेलं असतं आणि एकाचं जेल पाच मिनिटांत बसतं, दुसऱ्याचं अर्ध्या तासात. तुमच्याकडे कुठलं आहे?

---

पांढरा_साका

पाच पाण्यांचं. म्हणजे १.८३.

---

सुईदोरा

मिसळण्याच्या पद्धतीवर कुणी बोललं नाही म्हणून.

थेंबथेंब म्हणजे नक्की कसं? ड्रॉपरने वरून टाकत असाल तर प्रत्येक थेंब पृष्ठभागावर क्षणभर थांबतो, आणि जाड द्रावणात ढवळणी (मॅग्नेटिक बार) फक्त तळाशी फिरत असते. वर भोवरा दिसत नसेल तर मिसळतही नाही असं समजा. १ मिलिची सिरिंज आणि बारीक सुई घ्या, टोक द्रावणात बुडवून भोवऱ्याच्या शेजारी ठेवा, १ मिलि घालायला सात-आठ मिनिटं घ्या. दोन्ही द्रावणं आधी अर्धा तास बर्फावर. काचेचं भांडं बाहेरून गार असणं आणि आतलं द्रावण ४° ला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तापमापी आत घाला.

पीएच मीटर: जाड कायटोसान काचेच्या इलेक्ट्रोडच्या जंक्शनवर चिकटून बसतं आणि वाचन हळूहळू सरकत राहतं. प्रत्येक मापानंतर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात पाच मिनिटं, मग पाणी. नुसत्या पाण्याने धुतलंत तर थर तसाच राहतो. आणि मीटरचं "तापमान भरपाई" बटण फक्त इलेक्ट्रोडचा उतार सुधारतं, द्रावणाचा खरा पीएच तापमानाबरोबर बदलतो तो नाही. ४° चं वाचन आणि २५° चं वाचन एका रकान्यात लिहू नका.

---

अर्धवट_शिजलेला

मूळ शंका: हे जेल तापल्यावर बसतं का? चिकाचं दूध तापवून जसा खरवस होतो तसं काही?

---

मोलमजूर

खरवसात प्रथिनाची घडी उलगडते. इथे तसं काही नाही, इथे प्रोटॉनची बदली होते. कायटोसानच्या अमाइनचा पीकेए (ज्या पीएचला अर्ध्या गटांवर प्रोटॉन असतो तो आकडा) साधारण ६.५, तापमान वाढलं की तो उतरतो. ग्लिसरोफॉस्फेटच्या फॉस्फेटचा पीकेए मात्र जवळजवळ हलत नाही. त्यामुळे तापवलं की प्रोटॉन अमाइनवरून फॉस्फेटवर जातात, साखळीवरचा प्रभार सगळीकडे एकाच वेळी घटतो आणि साखळ्या एकमेकींना धरतात. "सगळीकडे एकाच वेळी" हेच महत्त्वाचं. सोडियम हायड्रॉक्साइड टाकून तोच पीएच गाठलात तर साका बसतो, कारण बदल थेंबाच्या जागी होतो. आत तापवून झाला तर जेल.

मॉन्ट्रियलच्या गटाने ही पद्धत २००० साली मांडली. प्रोटॉन-बदलीचा हा खुलासा २००८ च्या सुमाराचा. आधी हायड्रोजन बंध आणि ग्लिसरॉलमुळे पाण्याची मांडणी बदलते वगैरेंवर भर होता.

---

खारवट

पेशींच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो सगळे टाळतात.

१.८३ मिलिमोल १० मिलिमध्ये म्हणजे १८३ मिलिमोलर. एका रेणूमागे दोन सोडियम आणि एक फॉस्फेट, तीन कण: १८३ × ३ = सुमारे ५५०. वर कायटोसानच्या आम्लातला क्लोराइड ९०. कागदावर ६४० मिलिऑस्मोल (ही ऑस्मोलॅलिटी, विरघळलेल्या कणांचं माप). ऑस्मोमीटरवर थोडं कमी दिसेल, पण शरीरातल्या २९० च्या दुपटीच्या आसपास नक्कीच. कूर्चापेशींना इतर पेशींपेक्षा जास्त ऑस्मोलॅलिटी सहन होते, त्यांचा मूळ मुक्कामच तसा आहे. तरी इतकी नाही. तुमच्या पेशी जेलने मरत नाहीयेत, लोणच्यातल्या फोडीसारख्या पाणी सोडून मरताहेत.

मीठ बाहेर झिरपतं हे खरं, पण ५ मिमी जाडीच्या जेलमधून झिरपायला तास लागतात. तेवढ्यात व्हायचं ते होतं.

उपाय ग्लिसरोफॉस्फेट कमी करणं. नुसतं कमी केलंत तर जेल बसत नाही, म्हणून सोबत सोडियम बायकार्बोनेट. अंतिम प्रमाण बायकार्बोनेट ०.०७५ मोलर आणि ग्लिसरोफॉस्फेट ०.१ मोलर हे मॉन्ट्रियलच्याच दुसऱ्या एका गटाचं, २०१५ चं. जेल उलट जास्त कडक होतं, कारण बायकार्बोनेट प्रोटॉन घेऊन कार्बन डायऑक्साइड म्हणून निघून जातं, परत देत नाही.

करायचं कसं: कायटोसान ३.३३ टक्क्यांचं ठेवा. बायकार्बोनेट आणि ग्लिसरोफॉस्फेट एकत्र, अंतिमपेक्षा अडीच पट तीव्र: ०.१८७५ मोलर आणि ०.२५ मोलर. तीन भाग कायटोसान एका सिरिंजमध्ये, दोन भाग मीठ दुसऱ्यात, दोन्ही लुअर कनेक्टरने तोंडाला तोंड जोडून इकडून तिकडे पंधरा-वीस वेळा. अंतिम कायटोसान २ टक्के येतं. पेशी घालायच्या तर मिठाच्या दोन भागांतला एक भाग मोकळा ठेवून (मीठ त्या मानाने दुप्पट तीव्र करून) पेशी शेवटी मिसळा. नाहीतर त्या पाच-दहा मिनिटं तीव्र मिठात बसतात.

तोटाही आहे. बुडबुडे. बाहेर पडणारा वायू जाड द्रावणात अडकतो आणि जेल इडलीसारखं जाळीदार होतं. लगेच टोचायचं असेल तर चालतं, ताणून बघायच्या नमुन्याला चालत नाही.

अवांतर: जिवंत-मृत पेशी बघायला ट्रिपॅन ब्लू वापरत असाल तर थांबा. तो ऋणभारित रंग आहे, कायटोसान धनभारित. सगळं जेल निळं होणार आणि पेशी मेल्यात की जेल रंगलंय ते कळणार नाही. एमटीटी या जिवंत पेशींच्या चाचणीतले जांभळे स्फटिकही जेलात अडकतात. रेझाझुरिन (जिवंत पेशी ज्याचा रंग बदलतात ते द्रव्य) घ्या, रंग बाहेर माध्यमात मोजता येतो.

---

पांढरा_साका

ट्रिपॅन ब्लूच वापरत होतो. म्हणजे "बहुतेक मेलेल्या" हा निष्कर्षही कच्चाच.

---

खारवट

अर्धा कच्चा. ६४० मिलिऑस्मोल तर खरंच आहे.

---

उकडलेला_बटाटा

आता त्या साठ टक्क्यांचं. विघटन नाहीये हो ते, मीठ विरघळलंय!

सुक्या वजनाची बेरीज करा. कायटोसान २०० मिग्रॅ. त्यावरचं क्लोराइड आणि प्रोटॉन मिळून ३३. ग्लिसरोफॉस्फेट ५६० मिग्रॅ हायड्रेट, निर्जल धरलं तरी ३९५. एकूण ६२८. त्यातलं ग्लिसरोफॉस्फेट ६३ टक्के. जेल पीबीएसमध्ये ठेवलं की हे मीठ एका दिवसात बाहेर. तुमचे साठ टक्के तिथेच सापडले. कायटोसानची एकही साखळी तुटलेली नसताना आलेख "जलद विघटन" दाखवतो, आणि असे आलेख छापूनही येतात.

करायचं असं: जेल आधी २४ तास पीबीएसमध्ये, तीनदा पाणी बदलून धुवा. त्यानंतर तीन-चार नमुने गोठवून सुकवा (फ्रीझ-ड्राय), तेच शून्याव्या दिवसाचं वजन. प्रत्येक पुढच्या दिवसासाठी वेगळे नमुने ठेवा, एकच नमुना सुकवून परत भिजवू नका, सुकवल्याने रचना बदलते. सुकवायच्या आधी डिस्टिल्ड पाण्यात पटकन बुडवून काढा, नाहीतर पीबीएसचं मीठ वजनात येतं.

आणि नुसत्या पीबीएसमध्ये कायटोसान तुटत नाही. लायसोझाइम लागतं. या विकराला (एन्झाइमला) लागोपाठ तीन-चार अ‍ॅसिटिल कड्या हव्या असतात, म्हणून डीअ‍ॅसिटिलेशन जितकं जास्त तितकं विघटन मंद. तुमची नवी ९५ टक्क्यांची बाटली महिनोन्महिने हलणार नाही. गोठणं सुधारायला आम्ल वाढवलंत तरी हा प्रश्न तसाच राहणार.

---

ताकमेढी

> लायसोझाइम लागतं

किती? बरेच लोक १ मिग्रॅ प्रति मिलि टाकतात. रक्तातल्या द्रवात (सीरममध्ये) ते ४ ते १३ मायक्रोग्रॅम प्रति मिलि असतं. म्हणजे नैसर्गिकच्या निदान पाऊणशे पट. त्या आकड्यावरून "सहा आठवड्यांत शरीरात विरघळेल" म्हणणं हा विनोद आहे.

---

उकडलेला_बटाटा

विनोद नाही, तुलनेचं साधन आहे. दोन जेलांपैकी कुठलं आधी तुटेल हे कळतं. "किती दिवसांत" हे त्यावरून काढू नये, एवढं मान्य. मी १० मायक्रोग्रॅम आणि १ मिग्रॅ दोन्ही लावतो, आणि लायसोझाइम दर दोन-तीन दिवसांनी ताजं घालतो, कारण ३७° ला त्याची ताकद उतरते. अंड्याच्या पांढऱ्यातलं चालतं, पण एकक (यूनिट) बाटलीगणिक वेगळं, ते लिहून ठेवा.

---

ताकमेढी

दोन्ही लावत असाल तर भांडण मिटलं. छापताना मात्र बहुतेक जण वरचाच आकडा छापतात.

---

सुईदोरा

टोचण्याबद्दल. "सुईतून जातं" हे सगळे लिहितात, कुठल्या सुईतून ते फार थोडे.

२१ गेजच्या सुईचा आतला व्यास ०.५१ मिमी, २३ चा ०.३४, २५ चा ०.२६. पाण्यासारख्या द्रवाला व्यास घटेल तसा दाब चौथ्या घाताने वाढतो, २१ वरून २५ वर गेलात तर पंधरा पट. कायटोसान घासलं की पातळ होतं, त्यामुळे प्रत्यक्षात इतका नाही, तरी अंगठ्याला कळतो. सुईच्या भिंतीजवळचा घर्षणवेग काढा: १ मिलि १० सेकंदांत टोचलं तर २१ गेजमध्ये साधारण ७,५०० प्रति सेकंद, २५ मध्ये ५८,०००. रिऑमीटरवर (प्रवाहीपणा मोजणाऱ्या यंत्रावर) १०० पर्यंत मोजून "टोचण्यायोग्य" म्हणणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

सिरिंजचाही हात असतो. १ मिलिच्या सिरिंजचा दट्ट्या ४.७ मिमीच्या आसपास, ५ मिलिचा १२. तोच दाब, क्षेत्रफळ साडेसहा पट, म्हणून जोरही साडेसहा पट. जाड जेलाला लहान सिरिंज. यूटीएमवर (दाब-ताण मोजणाऱ्या यंत्रावर) सिरिंज उभी बांधून १ मिमी प्रति सेकंदाने दाबा आणि आलेख बघा: सपाट रेघ हवी. दात दिसले तर आत गुठळ्या आहेत.

पेशी सुईत मरतात त्या मुख्यतः सुईच्या तोंडाशी, जिथे रुंद नळीतून अरुंद नळीत एकदम ताणल्या जातात. पाण्यासारख्या द्रवात त्या जास्त मरतात. हलकासा जेलपणा असेल तर जेल भिंतीशी घसरतं आणि मधला लगदा आख्खा पुढे सरकतो, पेशी त्यात सांभाळल्या जातात. त्यामुळे टोचताना ते अगदी पातळ असावं असं नाही.

आणि सुई शरीरात शिरल्यावर ३७° ला येते. ती आत धरून डॉक्टर दोन मिनिटं जागा शोधत बसले तर जेल सुईतच बसतं. प्रयोगात सुई ३७° च्या पाण्यात बुडवून दोन मिनिटं थांबून मग दाबून बघा. ज्या जेलाचं बसणं दोन मिनिटांच्या आत आहे ते इथेच बाद होतं.

---

अर्धवट_शिजलेला

वाखूसा (वाचनखूण साठवली). निर्जंतुक कसं करता? गामा किरणांनी?

---

मोलमजूर

गामा साखळ्या तोडते, २५ किलोग्रे दिली की रेणुभार घसरतो आणि तुमची सगळी आधीची मापं वाया. द्रावण ऑटोक्लेव्ह करता येतं, १२१° ला १५-२० मिनिटं, पण त्यातही श्यानता (दाटपणा) उतरते. म्हणून नियम एकच: जे काही कराल ते केल्यानंतरच गोठण्याची वेळ आणि श्यानता मोजा. कोरडी भुकटी भट्टीत तापवू नका, पिवळी-तपकिरी पडते आणि नंतर विरघळायला नाटकं करते. ग्लिसरोफॉस्फेट आणि बायकार्बोनेट ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून. बायकार्बोनेट ऑटोक्लेव्ह केलंत तर वायू उडून कार्बोनेट उरतं, पीएच चढतो आणि थेंबाच्या जागी परत तेच पांढरे धागे.

निर्जंतुक म्हणजे एंडोटॉक्सिनमुक्त (जिवाणूंच्या आवरणातल्या विषापासून मुक्त) नव्हे, हे वेगळं. कायटोसान येतं कोळंबी-खेकड्याच्या टरफलांतून, ती टरफलं कारखान्यापर्यंत कशी पोचतात ते किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. वर धनभारित साखळी ऋणभारित एंडोटॉक्सिन घट्ट धरून ठेवते, त्यामुळे एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी फसवते: आहे त्यापेक्षा कमी दाखवते. नमुन्यात ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम मिसळून परत किती सापडतं ते बघा. ५० ते २०० टक्क्यांच्या बाहेर गेलं तर मूळ आकड्याला अर्थ नाही.

---

गुडघेदुखी

धागा चांगला चाललाय, पण जेल कशासाठी याकडे जरा या. कूर्चेसाठी म्हणताय. कूर्चेचा दाबाखालचा मापांक (कडकपणा) अर्धा ते एक मेगापास्कल धरा. तुमचं कायटोसान जेल काहीशे पास्कल ते फार तर काही किलोपास्कल. म्हणजे ते गुडघ्यात वजन पेलणार नाही, कधीच नाही. ते पेलावं म्हणून कडक करत बसणं ही वाट चुकलेली.

याच रसायनावरचं जे उत्पादन माणसांत गेलं, बीएसटी-कारजेल, त्यात पेशीच नसतात. मॉन्ट्रियलच्या बायोसिंटेकचं ते. २०१० मध्ये मुंबईच्या पिरामल हेल्थकेअरने कंपनीची मालमत्ता घेतली, २०१२ मध्ये युरोपची सीई मान्यता आली आणि २०१६ मध्ये ते स्मिथ अँड नेफ्यूकडे गेलं. त्यातली युक्ती अशी: रुग्णाचंच ताजं रक्त तीन भाग आणि कायटोसान-ग्लिसरोफॉस्फेट एक भाग. हाडाला बारीक भोकं पाडून (मायक्रोफ्रॅक्चर) त्या खड्ड्यात हे मिश्रण सोडतात आणि पंधरा-एक मिनिटं गुडघा न हलवता बसू देतात. नुसती रक्ताची गुठळी आकसते आणि कडेपासून सुटते. कायटोसान असलं की ती आकसत नाही, हाडाला धरून राहते. बरं करायचं काम गुठळी आणि मज्जेतून येणाऱ्या पेशी करतात.

८० रुग्णांच्या चाचणीत बारा महिन्यांनी एमआरआयवर खड्डा भरणं आणि आतल्या ऊतीची प्रत नुसत्या मायक्रोफ्रॅक्चरपेक्षा सरस निघाली. दुखणं आणि हालचालीचे गुण मात्र दोन्ही गटांत सारखेच सुधारले. हा दुसरा भाग लोक सांगत नाहीत.

रक्त तीन भाग मिसळल्यावर खारवट यांच्या ऑस्मोलॅलिटीचं काय होतं तेही बघा. ६४० चा एक भाग आणि २९० चे तीन: ३७७ च्या आसपास. प्रश्न बराचसा तिथेच सुटतो.

---

खारवट

सुंदर. हा हिशोब सुचला नव्हता. पण रक्ताशिवाय, निव्वळ पेशींच्या निलंबनाचे तीन भाग घालून पातळ केलं तर कायटोसान अर्ध्या टक्क्यावर येतं आणि बसत नाही. रक्तात बसतं कारण फायब्रिन (गुठळी धरणारं प्रथिन) असतं.

---

गुडघेदुखी

बरोबर. म्हणून पेशीच टाकायच्या असतील तर तुमचं बायकार्बोनेटवालं, आणि पेशींशिवाय चालत असेल तर रक्तवालं. दोन वेगळी जेलं आहेत, एकाच नावाखाली वावरतात.

---

ताकमेढी

कायटोसानचा आग्रह नसेल तर एक देशी पर्याय: ऑक्सिडाइज्ड अल्जिनेट आणि जिलेटिन. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेतलं काम, २००५ चं. अल्जिनेटवर अल्डिहाइड तयार करायचे, ते जिलेटिनच्या लायसिनवरच्या अमाइनशी बंध धरतात, बोरॅक्स वेग वाढवतो. गोठायला तापमान लागत नाही, ऑस्मोलॅलिटीचा त्रास कमी.

थोडक्यात: सोडियम अल्जिनेट १० ग्रॅम, ५० मिलि इथेनॉलमध्ये निलंबित. सोडियम मेटापेरिओडेट २.७ ग्रॅम ५० मिलि पाण्यात (कड्यांच्या पंचवीस टक्के), अंधारात, खोलीच्या तापमानाला सहा तास ढवळून. इथिलिन ग्लायकॉल ०.७ मिलि घालून अर्ध्या तासाने अभिक्रिया थांबवा. डायलिसिस, बाहेरच्या पाण्याच्या नमुन्यात १ टक्का सिल्व्हर नायट्रेट टाकून गढूळपणा येईनासा होईपर्यंत, साधारण दोन-तीन दिवस. मग गोठवून सुकवणं. हे ०.१ मोलर बोरॅक्समध्ये (१०० मिलिला ३.८१ ग्रॅम) २० टक्के विरघळवायचं, जिलेटिन १५ टक्के पाण्यात ३७° ला. समान भाग मिसळले की काही सेकंदांत ते मिनिटभरात बसतं, म्हणून दुनळी सिरिंज आणि मिसळनळीच हवी.

बिघडतं कुठे: ट्रिस बफर. ट्रिसवर प्राथमिक अमाइन असतं, ते जिलेटिनच्या आधी अल्डिहाइड पकडून बसतं आणि जेल होतच नाही. आणि पेरिओडेट अल्जिनेटची साखळीही तोडतं, त्यामुळे जास्त ऑक्सिडेशन म्हणजे जास्त बंध असं सरळ समीकरण नाही. एका हद्दीनंतर साखळ्या इतक्या आखूड होतात की जेल मऊच पडतं.

बोरॅक्सचा पीएच ९ च्या वर, पेशींना तो फार वेळ मानवत नाही. पेशींसाठी बोरॅक्सशिवाय, पीबीएसमध्येच करतात. वेळ मिनिटांवर जाते.

---

पांढरा_साका

आत्तापर्यंतचं: नवी बाटली, ओलावा ८.५ टक्के निघाला. तो धरून अमाइन १.०७ मिलिमोल, त्याच्या ९५ टक्के म्हणजे आम्ल १.०१ मिलिमोल, एकूण ९ मिलि. सुई बुडवून आठ मिनिटांत ग्लिसरोफॉस्फेट. धागे नाहीत, द्रावण स्वच्छ. ३७° ला सहा मिनिटांत बाटली उलटी केली तरी खाली येत नाही. जुन्यापेक्षा लवकर.

पेशींसाठी मात्र ८० टक्केवालीच बाटली ठेवतो आणि बायकार्बोनेट लावतो. तयार मिश्रण फ्रिजमध्ये किती टिकेल?

---

सुईदोरा

तयार मिश्रण ठेवू नका. ४° लाही ते हळूहळू दाटत जातं, ९५ टक्केवालं तर जास्तच. दोन्ही भाग वेगळे ठेवा. बायकार्बोनेटचा भाग त्याच दिवशीचा, झाकण घट्ट. कायटोसानचं आम्लातलं द्रावण ४° ला दोन-तीन आठवडे चालतं, पण आम्लात साखळ्या सावकाश तुटत राहतात, तेव्हा दर आठवड्याला श्यानता बघून बाटलीवर तारखेसोबत लिहा.

आणि बाटली उलटी करणं हे फक्त अंदाजाला. रिऑमीटरवर ३७°, १ हर्ट्झ, १ टक्का ताण, फटीच्या कडेला खनिज तेलाचा थर. तेल नसेल तर कडेचं पाणी उडतं आणि वीस मिनिटांनी जी-प्राइम (कडकपणाचा आकडा) जो चढताना दिसतो तो वाळणाऱ्या कडेचा असतो, जेलाचा नाही.